आई-वडिलांना घेऊन लेक डिस्ट्रिक्ट: दोन दिवसांच्या सहलीची माहिती



उन्हाळा जवळ आला की आपल्याकडे घरोघरी एकच चर्चा सुरू होते. आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात, पहिला आठवडा जेट लॅग आणि बॅगेतल्या चकल्या-लोणची काढण्यात जातो, दुसऱ्या आठवड्यापासून आपण ऑफिसात आणि ते दिवसभर खिडकीशी. मग आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं आणि एका शुक्रवारी रात्री जेवताना घोषणा होते, "चला, उद्या लेक डिस्ट्रिक्ट!"

असं आम्हीही केलं आहे. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो. आम्ही मँचेस्टरच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे "तुम्ही तर जवळच आहात, जरा सांगा ना" असे फोन लंडन-स्लाऊकडच्या मित्रांकडून दरवर्षी येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवावं म्हटलं.

आधी आमची चूक सांगतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आई आणि नाना दोघंही आले होते. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे सहलीचा प्लॅन थेट एक्सेलमध्ये! दोन दिवस, अकरा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं. पहिल्या दिवशी दुपारी आयरा फोर्स नावाच्या धबधब्यापाशी गाडी लावली, तेव्हा आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसते. मला जरा वाचायचंय." आम्ही गेलो, फोटो काढले, पाऊण तासाने परत आलो. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, पण चष्मा हॉटेलवरच्या बॅगेत राहिला होता हे आमच्या रात्री लक्षात आलं. गुडघा टम्म सुजला होता. दिवसभर ती "चालेल, चालेल" म्हणत होती आणि आम्ही ते खरं धरून चाललो होतो. "पुढच्या खेपेला सावकाश बघू," असं ठरलं. २०२१ मध्ये आई गेली. २०२४ च्या मार्चमध्ये नाना एकटेच आले, तेव्हा आम्ही एक्सेल उघडलं नाही. खालची माहिती या दोन्ही सहलींमधून आलेली आहे.

थोडा भूगोल

लेक डिस्ट्रिक्ट इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रिया परगण्यात आहे. १९५१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक इथलंच, उंची ९७८ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बरंच ठेंगणं, पण इथले डोंगर तळ्यांच्या काठावरून सरळ उठतात, त्यामुळे आहेत त्यापेक्षा मोठे वाटतात. (एक गंमत: नाव लेक डिस्ट्रिक्ट असलं तरी नावात 'लेक' असलेलं मोठं तळं एकच, बॅसनथ्वेट लेक. बाकीच्यांच्या नावात 'मिअर' किंवा 'वॉटर' येतं. नानांसारख्या मास्तरांना हे सांगितलं की पुढचा अर्धा तास प्रवास छान जातो.)

जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण विंडरमिअरला जातात. ते इंग्लंडमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं, साडेदहा मैल लांब. रेल्वे तिथवर जाते, बोटी भरपूर, दुकानं भरपूर, आणि ऑगस्टमधल्या शनिवारी बोनेस गावात माणसंही गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवर असतात तेवढी. आमचं मत विचाराल तर वयस्कर माणसांना घेऊन जायला उल्सवॉटर बरं. हे आकाराने दुसऱ्या क्रमांकाचं तळं, साडेसात मैलांच्या आसपास लांब, मध्ये दोनदा वळलेलं. त्यामुळे बोटीतून जाताना दर वळणाला नवा डोंगर समोर येतो. मुख्य म्हणजे रस्ता मैलोन् मैल पाण्याच्या अगदी कडेने जातो. गाडीतून उतरायचं नसेल तरी तळं दिसत राहतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कधी जावं

जून-जुलैमध्ये दिवस मोठा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. हवा त्यातल्या त्यात उबदार. पण शाळांना सुट्ट्या लागल्या की, म्हणजे जुलैच्या अखेरीपासून, हॉटेलांचे दर आणि गर्दी दोन्ही वाढतात. मे महिना आम्हाला सर्वांत चांगला वाटतो. झाडांना नवी पालवी, कुरणांत मेंढ्यांची कोकरं, आणि सप्टेंबरच्या मानाने पाऊसही कमी.

आम्ही नानांना मात्र मार्चच्या अखेरीस नेलं, कारण डॅफोडिल्स. नाना एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होते. वर्ड्स्वर्थची ती प्रसिद्ध कविता त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवली, पण फूल कधी पाहिलं नव्हतं. २०१८ ला ऑगस्टमध्ये आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "ती फुलं कुठं आहेत?" आम्ही म्हटलं, "आता संपली, नाना." ते एवढंच म्हणाले, "अच्छा." इथली रानटी डॅफोडिल्स मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतात, थंडी जास्त पडली तर थोडी उशिरा. ज्यांच्या आई-वडिलांना ती बघायची असतील त्यांनी तिकिटं त्या हिशोबाने काढावीत. पण थंडीचीही तयारी ठेवा. मार्चमध्ये दुपारीही सात-आठ अंशांच्या वर पारा जाईलच असं नाही, आणि पाण्यावरून येणारा वारा कानटोपी भेदून आत शिरतो. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट असे तीन थर हवेत. भारतातून आणलेला जाडजूड लोकरीचा कोट एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही, तो घरीच ठेवा.

पावसाचं काय, असं सगळे विचारतात. पडतो. बॉरोडेलमधलं सीथवेट हे गाव इंग्लंडमधल्या सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांपैकी एक, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. आपल्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत. इथला वर्षभर हप्त्याहप्त्याने येतो. ५ डिसेंबर २०१५ ला हॉनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला, तो ब्रिटनमधला विक्रम. त्या वादळात ग्लेनरिडिंग गावात पाणी शिरलं आणि पूली ब्रिजचा जुना दगडी पूल वाहून गेला. आज दिसतो तो पोलादी पूल २०२० मध्ये झाला. हे नानांना सांगितलं तर त्यांनी लगेच २६ जुलै २००५ चा मुंबईचा ९४४ मिलिमीटरचा आकडा काढला आणि ब्रिटनवर सहज विजय मिळवला!

जायचं कसं

मँचेस्टरहून ग्लेनरिडिंग साधारण शंभर मैल, न थांबता दोन तास. न थांबता जाऊ नका! एम ६ ने जंक्शन ४० पर्यंत जायचं, तिथून ए ६६ वर जरासं पश्चिमेला आणि लगेच ए ५९२ ने पूली ब्रिजमार्गे तळ्याच्या काठाने ग्लेनरिडिंग. जंक्शन ३६ ला वळून विंडरमिअर आणि कर्कस्टोन खिंडीवरूनही जाता येतं, अंतरही कमी आहे. पण सकाळी सकाळी नाश्ता करून निघालेल्या माणसाला घाटातून नेण्यात अर्थ नाही. जंक्शन ४० चा रस्ता शेवटपर्यंत सरळ-सपाट आहे. शिवाय जंक्शन ३८ आणि ३९ च्या मध्ये टेबे सर्व्हिसेस लागतात. मोटरवेवरचा हा बहुधा एकमेव थांबा असेल जिथं आई-वडिलांना पंधरा मिनिटं जास्त बसावंसं वाटतं. मागे तळं, बदकं, समोर डोंगर.

थांब्यांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. रक्तदाबासाठी सकाळी लघवीची गोळी घेणारे बरेच जण असतात. त्यांना तास-सव्वा तासाने जावं लागतं आणि मुला-सुनेला, जावयाला सांगायला लाज वाटते. मग उपाय काय, तर पाणीच प्यायचं नाही. नाना हेच करत होते. म्हणून थांबे आपण ठरवावेत आणि "कुणाला जायचंय का?" असं न विचारता सरळ गाडी थांबवून आपणच आधी उतरावं. लेक डिस्ट्रिक्टमधली बरीच सार्वजनिक स्वच्छतागृहं पैसे टाकून उघडतात, तेव्हा सुटी नाणी आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा.

लंडनकडून येणाऱ्यांनी गाडीचा हट्ट धरू नये असं आमचं मत. अडीचशे मैलांच्या वर अंतर, शुक्रवार संध्याकाळचा एम ६, म्हणजे सहा तास कुठं गेले कळत नाही. यूस्टनहून रेल्वेने ऑक्सनहोम पावणेतीन तासांच्या आसपास, तिथून छोट्या गाडीने विंडरमिअर वीस मिनिटं. उल्सवॉटरला जायचं तर आणखी पुढे पेनरिथला उतरा, तिथून ५०८ क्रमांकाची बस तळ्याच्या काठाने ग्लेनरिडिंगला जाते. साठीच्या वरच्या कुणालाही सीनियर रेलकार्ड काढता येतं, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो आणि तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. शिवाय 'पॅसेंजर असिस्ट' ही मोफत सोय आहे. आधी कळवलं की स्टेशनवरचा माणूस व्हीलचेअर, रॅम्प, सामान सगळं बघतो. आई-वडील आधी "मी काय पांगळा आहे का?" म्हणतील. विमानतळावर व्हीलचेअर घेतलीच होती ना, हे हळूच आठवून द्यावं.

मुक्काम

इथली बरीच बी अँड बी म्हणजे जुनी व्हिक्टोरियन घरं. बाहेरून देखणी, आतून अरुंद जिना, लिफ्ट नाही, आणि स्वस्त खोली नेमकी दुसऱ्या मजल्यावर. बुकिंग करताना तीन प्रश्न फोनवर विचारावेत, वेबसाइटवरच्या फोटोंवर जाऊ नये: तळमजल्यावर खोली आहे का, बाथरूममध्ये टबात चढून आंघोळ करावी लागते की सपाट शॉवर आहे, आणि खोलीत किटली आहे का. टबाची कड ओलांडताना पाय घसरणं हा या सहलीतला सर्वांत मोठा धोका आहे, डोंगरापेक्षाही मोठा. आणि मंडळी, घरून प्लास्टिकचा मग न्या. यापेक्षा जास्त सांगायला नको!

दोन कुटुंबं मिळून जात असाल तर स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या. रात्री गरम मऊ भात, तूप, मेतकूट आणि भाजलेला पापड पुढे आला की दिवसभराचा शीण जातो. आम्ही छोटा कुकर बरोबर नेतो. प्रवासासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे, दह्याऐवजी लसणाची चटणी, आणि चहाचा मोठा थर्मास. कॅफेतला चहा नानांच्या भाषेत "कपभर गरम पाणी आणि शेजारी दोरीला बांधलेली पुडी". शाकाहारी मंडळींना इथं उपाशी राहावं लागत नाही. अँबलसाइडमध्ये झेफिरेलीज नावाचं पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट आहे, त्यांचं सिनेमागृहही आहे. बाकी कुठंही भाजलेला बटाटा आणि चीज मिळतंच, पण दुसऱ्या दिवशी ते नको होतं.

पहिला दिवस: उल्सवॉटर

सकाळी नऊला निघालो, साडेअकराच्या सुमाराला ग्लेनरिडिंग. आल्या आल्या काही 'बघायला' जायचं नाही. धक्क्याजवळच्या बाकावर बसून पुऱ्या आणि चहा. मग बोट.

उल्सवॉटरवर १८५९ पासून बोटी चालतात. सध्याच्या बोटींपैकी 'लेडी ऑफ द लेक' १८७७ ची आणि 'रेव्हन' १८८९ ची. आता त्या डिझेलवर चालतात, नाव मात्र अजून 'स्टीमर्स'. नाताळचे दोन दिवस सोडले तर वर्षभर सेवा असते, हिवाळ्यात फेऱ्या कमी. ग्लेनरिडिंग ते पूली ब्रिज सुमारे एक तास, मधल्या हाउटाउनपर्यंत साधारण पस्तीस मिनिटं. आमचा सल्ला: बोटीतून न उतरता जाऊन यावं. आत काचेच्या खिडक्यांशी गरम जागा असते, वर उघड्यावरही बसता येतं. चढताना एक उतरती फळी असते. पाणी कमी-जास्त झालं की तिचा उतार बदलतो, म्हणून व्हीलचेअर असेल तर आधी फोन करून कोणती बोट आणि कोणता धक्का सोयीचा ते विचारून घ्या.

आयरा फोर्सचा धबधबा वीस मीटरचा आणि देखणा आहे. पण वर पुलापर्यंत जाणारी वाट चढाची, मध्ये दगडी पायऱ्या, ओल्या असल्या की निसरड्या. गुडघ्याची तक्रार असलेल्या माणसाला तिथं नेऊ नये. "तुम्ही खाली थांबा, आम्ही पटकन वर जाऊन येतो" हेही करू नये. एकट्याने गाडीत किंवा गाडीतळावर पाऊण तास काढायला कुणी साडेचार हजार मैल उडून येत नाही. तरुण मंडळींना बघायचाच असेल तर आळीपाळीने जा, एकाने सोबतीला थांबा.

त्याच रस्त्यावर, आयरा फोर्स आणि ग्लेनरिडिंगच्या मध्ये, ग्लेनकॉइनचा किनारा लागतो. इथं गाडीतळ आहे, आणि याच काठावर डॅफोडिल्स आहेत. १५ एप्रिल १८०२ ला विल्यम वर्ड्स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी या काठाने चालत घरी निघाले होते. डोरोथीने त्याच दिवसाच्या रोजनिशीत फुलांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. कविता दोन वर्षांनी, १८०४ मध्ये लिहिली गेली, १८०७ ला छापली गेली आणि १८१५ ला त्याने ती सुधारून वाढवली. त्यातल्या दोन ओळी त्याच्या बायकोने, मेरीने, सुचवल्या होत्या. कवितेत तो एकटा भटकतो, प्रत्यक्षात बहीण बरोबर होती. नानांना हे माहीत होतं. त्यांना माहीत नव्हता तो फुलाचा आकार.

बागेत लावतात ती डॅफोडिल्स मोठी आणि भडक पिवळी असतात. सुपरमार्केटात एक पौंडाला जुडी मिळते तीही तशीच. इथली रानटी जात बारकी, जेमतेम वीतभर-दीड वीत उंच, बाहेरच्या पाकळ्या फिकट आणि मधली नळी गडद. झाडांच्या मुळाशी, दगडांच्या आडोशाला, पाण्याच्या अगदी काठापर्यंत. दुरून चटकन दिसतही नाहीत. नाना काठी टेकत दहा-पंधरा पावलं गेले, एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी वर्गात हात करून गुडघ्याएवढी सांगायचो. एकतीस वर्षं चूक सांगितलं." नंतर म्हणाले, "पण कांदा असतो हे बरोबर सांगितलं. निशिगंधासारखा." आम्ही तिथं तासभर होतो. कार्यक्रमात त्यासाठी पंधरा मिनिटं धरली होती.

गाडीतळापासून काठापर्यंतचं अंतर थोडं असलं तरी जमीन उंचसखल आणि मुळांची आहे, काठी किंवा आधाराचा हात हवाच. फुलं तोडू नयेत आणि फोटोसाठी त्यांच्यात उभं राहू नये.

दुसरा दिवस: ग्रासमिअर

ग्लेनरिडिंगहून ग्रासमिअरला जायला दोन रस्ते. जवळचा कर्कस्टोन खिंडीतून, ४५४ मीटर उंचीवरून, हा इथला गाडीने जाता येणारा सर्वांत उंच घाट. वरून खाली ब्रदर्स वॉटर नावाचं छोटं तळं दिसतं, हवा स्वच्छ असेल तर मजा येते. चढ-वळणं आंबा घाटाची आठवण करून देतात, फक्त रस्ता निम्म्या रुंदीचा आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि खिशात आवळा सुपारी ठेवा. धुकं किंवा बर्फ असेल तर हा रस्ता नकोच. (हार्डनॉट आणि रायनोज या खिंडींच्या नादी तर आई-वडिलांना घेऊन कधीच लागू नका. हार्डनॉटचा चढ काही ठिकाणी तीनास एक आहे. आमच्या एका मित्राच्या सासूबाई अर्ध्यातून उतरून चालत निघाल्या होत्या.)

दुसरा रस्ता लांबचा, ए ६६ ने केझिकला जाऊन ए ५९१ ने खाली. आम्ही हाच घेतला आणि पश्चात्ताप झाला नाही. केझिकला डरवेंटवॉटरच्या काठी गाडीतळापासून फ्रायर्स क्रॅगपर्यंत सपाट, रुंद वाट आहे, अर्धा मैलभर. मध्ये बाक आहेत आणि शेवटी तळ्यात शिरलेलं खडकाचं टोक. शंभर पावलं चालणाऱ्यालाही अर्ध्या वाटेत बसून तळं दिसतं. राष्ट्रीय उद्यानाने अशा वाटांची 'माइल्स विदाउट स्टाइल्स' नावाची यादी केली आहे, त्यात पन्नासच्या आसपास वाटा आहेत. मध्ये ओलांडायच्या शिड्या नाहीत, व्हीलचेअर किंवा बाबागाडी जाईल अशा. कोणती सर्वांसाठी आणि कोणती जरा अवघड तेही दिलेलं असतं. सहल ठरवताना धबधब्यांची यादी बघण्याआधी ही बघावी.

केझिकहून पुढे थर्लमिअर लागतं. मँचेस्टरकरांनी इथं गाडी हळू करावी, कारण आपल्या नळाला येणारं पाणी इथून येतं. १८९४ पासून ९६ मैलांच्या कालव्या-बोगद्यांतून हे पाणी पंपाशिवाय, निव्वळ उतारावर मँचेस्टरला जातं. त्याच दशकात मुंबईला तानसाचं पाणी आलं. आम्हा इंजिनिअर मंडळींना डॅफोडिल्सपेक्षा यात जास्त रस होता, हे खरं.

ग्रासमिअरमध्ये वर्ड्स्वर्थचं डव्ह कॉटेज आहे. १७९९ च्या अखेरीपासून १८०८ पर्यंत तो इथं राहिला. घर छोटं, अंधारं, फरशी दगडी आणि ओबडधोबड, वरच्या खोल्यांना जिना. नाना खालच्या खोल्या बघून बाहेर आले आणि शेजारच्या संग्रहालयात बसले. तिथं हस्तलिखितं आहेत, आणि निवांत बसता येतं. गावातल्या सेंट ऑस्वल्ड चर्चच्या आवारात वर्ड्स्वर्थ कुटुंबाच्या साध्या दगडांच्या कबरी आहेत. लगेच कोपऱ्यावर जिंजरब्रेडचं चिमुकलं दुकान. सेरा नेल्सन या बाईने १८५४ मध्ये सुरू केलेलं, पूर्वी ती गावची शाळा होती. रांग असते, पण लवकर सरकते. चव आलेपाकाच्या जवळची. नानांना शाळेच्या जागेत मिठाईचं दुकान निघालं हे काही आवडलं नाही, पण चार पुडकी घेतली.

तिथून ए ५९१ ने अँबलसाइड, विंडरमिअर करत जंक्शन ३६ ला लागता येतं. रविवारी दुपारी तीनच्या आत निघा. चारनंतर सगळं लँकेशायर त्याच रस्त्यावर असतं.

औषधपाणी आणि विमा

हा भाग कंटाळवाणा, पण सगळ्यांत महत्त्वाचा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना इंग्लंडमध्ये ए अँड ई विभागातले उपचार मोफत असतात, पण रुग्णालयात दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. भारताबरोबर याबाबत करार नाही. त्यामुळे प्रवास विमा हवाच, आणि त्यात मधुमेह, रक्तदाब, आधी झालेली बायपास हे सगळं लिहिलेलं हवं. "आता बरं आहे, कशाला लिहायचं" म्हणून लपवलं की नेमकं तेव्हाच विमा कंपनी हात वर करते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हा धडा चांगलाच महागात पडला.

केंडालच्या रुग्णालयात किरकोळ तातडीच्या उपचारांचं केंद्र आहे, पण पूर्ण ए अँड ई साठी लँकेस्टर, बॅरो किंवा कार्लाइल गाठावं लागतं. सल्ल्यासाठी १११, जिवावरचं असेल तर ९९९. डोंगरांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि औषधांची इंग्रजी यादी कागदावर लिहून पाकिटात ठेवा. गोळ्यांची पिशवी गाडीच्या डिकीत टाकू नका, हाताशी असू द्या. ब्लू बॅज इथं राहणाऱ्यांसाठी असतो, पाहुण्यांना मिळत नाही. म्हणून आधी दाराशी सोडून मग गाडी लावायला जाणे हाच उपाय.

शेवटी पैशांचं. पार्किंगला किती, बोटीला किती, कॉफीला किती, हे आई-वडील मनातल्या मनात रुपयांत करत असतात आणि मग "मला काही नको, तुम्ही जा" सुरू होतं. तिकिटं घरूनच ऑनलाइन काढून ठेवा आणि पावती दाखवू नका. आणि "चालेल का?" असं कधीही विचारू नका, उत्तर "चालेल" हेच येणार. "बोटीतून जाऊया, की इथंच बसून चहा घेऊया?" असे दोन पर्याय द्या. मग खरं काय ते कळतं. नानांनी तीनदा चहा निवडला आणि एकदा बोट.

जमलं तर सोमवारी एकाने तरी रजा टाकावी. आम्ही टाकली होती. नाना दुपारी बारापर्यंत झोपले. संध्याकाळी सांगलीला फोन लावून एका जुन्या विद्यार्थ्याला पाऊण तास फुलांची उंची समजावून सांगत होते.